डॉक्टरांची साक्ष

दिवाळीच्या अंकात बुडून मेलेल्या माणसांविषयी लिहावे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. सणाच्या दिवसांत वाचकाच्या हातात करंजी असते, दारात रांगोळी असते. अंक चाळता चाळता कोणाला पंचनामा, कोर्ट आणि डॉक्टरांचा अहवाल वाचायची हौस असेल, असे काही वाटत नाही. पण आमच्याकडे दिवाळी अंक पहिल्यांदा उघडतो तो स्वयंपाकघरात, आणि तिथे ज्या गोष्टी दबल्या आवाजात बोलल्या जातात त्यांतली एक मी आज जरा मोठ्या आवाजात सांगणार आहे. एरवी मी कादंबऱ्या लिहितो. शिक्षण मॅट्रिकपर्यंत झाले. पुढे शिकायला मिळाले नाही, तरी शिकवायला मिळाले, आणि आज वीस-बावीस वर्षे मी वस्तीवरच्या शाळेत मुले राखतो आहे. कादंबरीत एखादे पात्र मारायचे तर एक परिच्छेद पुरतो. खरे माणूस कसे मेले हे ठरवायला मात्र वर्षे जातात, हे मला हळूहळू कळत गेले.

शहापूर आणि मुरबाड हे आमचे शेजारशेजारचे तालुके. दोन्हीकडे पाण्याला तोटा नाही आणि पाणीही नाही! तानसा धरण १८९२ साली झाले, पुढे वैतरणा आली, भातसा आली. मुंबईकर सकाळी नळ सोडतो तेव्हा त्याच्या बादलीत पडणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा शहापूर तालुक्यातून गेलेला असतो. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर चैत्र-वैशाखात बाया डोक्यावर तीन-तीन हंडे घेऊन उन्हातून चालतात, विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरतात. मुरबाडकडे माळशेजच्या डोंगरांत पाऊस कोसळला की काळू नदी दुथडी भरते, आणि होळीला तिच्या पात्रातल्या दगडांवर गुरे बसतात. तेव्हा विहीर, ओढा, डोह ही आमच्याकडे बायकांच्या रोजच्या जाण्यायेण्याची ठिकाणे. साहजिकच, बाईचे मरण पुष्कळदा तिथेच सापडते.

अशा मरणाला आमच्याकडे दोनच शब्द आहेत : पाय घसरला. ते खरेही असतात. शेवाळलेली पायरी, भरलेला हंडा, ओले लुगडे. पाय घसरायला आणखी काय लागते? पोलीस येतात, अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंच सह्या करतात, तालुक्याच्या दवाखान्यात शवविच्छेदन होते आणि दिवस पार पडतात. लग्नाला सात वर्षे झाली नसतील तर मात्र कायदा जरा अधिक जागा राहतो. १९८३ च्या दुरुस्तीपासून अशा विवाहितेच्या मृत्यूत शवविच्छेदन टाळता येत नाही, आणि पंचनाम्याला आमच्याकडे तहसीलदार किंवा नायब तहसीलदार जातीने येतो. तरीसुद्धा बाई पाण्यात पडली की पडली, ढकलली की मेल्यावर टाकली, हे त्या शांत पाण्याकडे पाहून कोणाला सांगता येत नाही. ते सांगण्याची अपेक्षा आपण एकट्या डॉक्टरांकडून करतो.

मला या प्रश्नाची गोडी लागली ती २००८ साली, कादंबरीच्या निमित्ताने. माझ्या कथेत एक बाई डोहात सापडणार होती आणि पुढे काय होते ते मला ठाऊक नव्हते. त्याच सुमारास गोव्याची बातमी आली. १८ फेब्रुवारी २००८ च्या सकाळी हणजुणेच्या समुद्रकिनाऱ्यावर पंधरा वर्षांची एक इंग्रज मुलगी मृतावस्थेत सापडली. तिचे नाव तेव्हा जगभर छापले गेले. मी ते इथे लिहीत नाही, माझ्या वर्गातल्या मुलींहून ती फार मोठी नव्हती. पोलिसांनी प्रथम अपघाताने बुडाली असेच धरले. म्हणजे आमचेच दोन शब्द, फक्त विहिरीच्या जागी समुद्र. पण तिची आई ते मानायला तयार झाली नाही. तिने धरणे धरल्यासारखा पाठपुरावा केला, मार्चमध्ये दुसऱ्यांदा शवविच्छेदन झाले, अंगावर पन्नासाच्या आसपास खुणा आढळल्याचे वर्तमानपत्रांनी छापले, आणि मग खुनाचा गुन्हा नोंदला गेला. पुढे तपास सी. बी. आय.कडे गेला.

आमच्या गावच्या वाचनालयात वर्तमानपत्र दुपारच्या एस. टी.ने येई. मी एक दोनशे पानी वही केली आणि कात्रणे चिकटवू लागलो. ग्रंथपाल म्हणाले, “गुरुजी, गोव्याला जायचा विचार आहे की काय?” मी म्हणालो, “नाही हो, घरबसल्या कोर्टात जातोय.” खटला गोव्याच्या बाल न्यायालयात चालला. महत्त्वाचा एक परदेशी साक्षीदार भारतात साक्षीला आलाच नाही. त्यामुळे वैद्यकीय पुराव्याचे महत्त्व आणखी वाढले, आणि मला शब्द कळेनात म्हणून मी वैद्यक-न्यायशास्त्राची पुस्तके शोधू लागलो. आपल्या देशात या विषयावरचे जयसिंग मोदी यांचे पुस्तक १९२० साली प्रथम निघाले आणि अजून वकिलांच्या टेबलावर असते. कल्याणच्या एका वकीलसाहेबांनी त्याची जुनी प्रत मला वाचायला दिली. मॅट्रिकच्या इंग्रजीवर ते पुस्तक वाचणे म्हणजे अनवाणी माहुलीचा गड चढणे, पण चढलो.

त्यात जे समजले ते साधे आहे आणि प्रत्येकाला ठाऊक असावे असे आहे. हातापायांची कातडी पांढरी पडून सुरकुतते, तशी धुणे धुणाऱ्या बाईच्या तळव्यांची होते, तिला बुडण्याची खूण समजू नये. प्रेत पाण्यात राहिले की ती होतेच, मग माणूस आधी मेलेला का असेना. बुडताना जिवंत असलेल्याच्या तोंडानाकाशी बारीक पांढरा फेस येतो, पुसला तरी पुन्हा येतो. कारण श्वास, पाणी आणि आतली ओल यांची घुसळण झालेली असते. फुप्फुसे फुगून जड होतात. पोटात पाणी, गाळ सापडतो. आणि कधीकधी मुठीत गवत, शेवाळ, वाळू घट्ट धरलेली असते, इतकी घट्ट की मेल्यावरही मूठ उघडत नाही. मेलेला माणूस मूठ आवळीत नाही.

आणखी एक परीक्षा आहे. नदी-तळ्याच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी शैवाले असतात, त्यांना डायटम म्हणतात. त्यांचे कवच काचेच्या जातीचे, सिलिकाचे असते, आणि ते आम्लातही विरघळत नाही. माणूस जिवंत असताना पाणी फुप्फुसांत गेले तर हे डायटम रक्तात उतरतात, आणि हृदय चालू असेल तोवर रक्ताबरोबर थेट हाडांतल्या मगजापर्यंत पोहोचतात. हृदय बंद असेल तर त्यांना तिथवर नेणार कोण? म्हणून मांडीच्या हाडातला मगज आणि विहिरीचे पाणी दोन्ही तपासून ताडून पाहतात. पण यालाही अपवाद निघतात, न बुडालेल्यांच्या शरीरातही डायटम कधी सापडले आहेत, म्हणून शहाणे डॉक्टर या एकाच परीक्षेवर सगळा भार टाकत नाहीत. न्यूयॉर्कच्या गेटलर नावाच्या रसायनज्ञाने १९२१ साली हृदयाच्या दोन बाजूंच्या रक्तातले क्षार मोजण्याची युक्ती काढली होती, तीही पुढे भरवशाची ठरली नाही. सारांश, बुडून मेला असे म्हणायचे तर आधी बाकीची सगळी कारणे एकेक करून बाजूला सारावी लागतात.

आणि एवढे करून डॉक्टर काय सांगू शकतात? माणूस पाण्यात गेला तेव्हा जिवंत होता, एवढेच. त्याला पाण्यात कोणी घातले, हे फेसावर लिहिलेले नसते.

याच विषयावरचा इंग्लंडातला एक जुना खटला पुस्तकांत फार गाजलेला आहे. जॉर्ज जोसेफ स्मिथ नावाच्या इसमाने नावे बदलून लग्ने केली, आणि त्याच्या तीन बायका न्हाणीघरातल्या टबात बुडून मेल्या : १९१२, १९१३ आणि १९१४ साली, तीन वेगवेगळ्या गावांत. पहिलीच्या वेळी त्याने तिला आधी डॉक्टरकडे नेऊन फेफरे येत असल्याचे सांगून ठेवले होते. मेली तेव्हा तिच्या मुठीत साबणाची वडी होती. प्रत्येक वेळी चौकशी झाली आणि प्रत्येक वेळी अपघात ठरला. मग तिसरीची बातमी वर्तमानपत्रात आली. दुसरीच्या बापाने ती वाचली आणि त्याला चटका बसला. आपल्या लेकीचे मरण आणि हे मरण एकाच साच्यातले आहे! त्याने पोलिसांना कळवले. सर बर्नार्ड स्पिल्सबरी या त्या काळच्या प्रसिद्ध डॉक्टरांनी प्रेते पुन्हा तपासली. अंगावर झटापटीची खूण जवळजवळ नाही. मग एवढ्याशा टबात धडधाकट बाई बुडेल कशी? एका पोलीस अधिकाऱ्याने पट्टीच्या पोहणाऱ्या बाईला तशाच टबात बसवून तिचे पाय एकदम वर ओढून पाहिले. पाणी नाकातोंडात घुसून ती तत्क्षणी बेशुद्ध पडली, आणि तिला शुद्धीवर आणताना सर्वांच्या तोंडचे पाणी पळाले. स्मिथला १३ ऑगस्ट १९१५ रोजी फाशी झाली. डॉक्टर थोर होते यात शंका नाही. पण मला त्या गोष्टीत मोठा वाटतो तो वर्तमानपत्र नीट वाचणारा बाप.

हे सगळे वहीत होते, तोवर ते माझ्यासाठी कादंबरीचे साहित्य होते. मग आमच्या शाळेतली एक मुलगी गेली.

तिचे माहेर मुरबाड तालुक्यातले, सासर शहापूर तालुक्यातले. गावे सांगत नाही. माझ्याकडे पहिली ते चौथी शिकली. पाढे कच्चे, अक्षर मात्र मोत्यासारखे. लग्नाला तिसरे वर्ष चालू होते. भाद्रपदात सासरच्या मळ्यातल्या विहिरीत ती सापडली. सासरच्यांनी सांगितले, पाय घसरला. गावात कोणी कुजबुजले, जीव दिला असेल. आईचे म्हणणे तिसरेच होते. ती माझ्याकडे आली आणि ओटीवर बसून एवढेच म्हणाली, “गुरुजी, माझी पोर पाण्याला भिनारी नव्हती. काळूच्या डोहात पोरांच्या बरोबरीनं उड्या मारायची. ती इरीत बुडंल कशी?”

तिचे म्हणणे खोटे नव्हते. पाठीला पत्र्याचा डबा बांधून तिच्या आजोबांनी तिला पोहायला शिकवलेले साऱ्या गावाने पाहिले होते. शवविच्छेदनात उजव्या कानामागे मार आढळला, गुन्हा नोंदला गेला, आणि सासरच्या दोन माणसांवर सेशन कोर्टात खटला उभा राहिला. डॉक्टरांच्या साक्षीची तारीख लागली ती २०१८ च्या उन्हाळ्यात. तारखा तोवर पुष्कळ पडल्या होत्या. गोव्याच्या खटल्यातले दोन्ही आरोपी २३ सप्टेंबर २०१६ रोजी बाल न्यायालयाने सोडून दिले होते, आणि ते कात्रण माझ्या वहीचे शेवटचे पान होते. त्या पानाची आठवण घेऊनच मी तिच्या आईबरोबर पहाटेच्या एस. टी.त चढलो.

डॉक्टर तरुण होते. तालुक्याच्या दवाखान्यातून बदली होऊन आता लांब कुठे तरी होते आणि रात्रभर प्रवास करून आले होते. सरकारी वकिलांनी सरतपासणी घेतली. तोंडानाकाशी फेस होता काय? होता. फुप्फुसे? फुगलेली, जड. पोटात? गढूळ पाणी. उजव्या मुठीत? पाणवनस्पती, मुळासकट उपटलेली. कानामागचा मार जिवंतपणीचा की मेल्यानंतरचा? जिवंतपणीचा. मृत्यूचे कारण? पाण्यात बुडून श्वास कोंडणे. शेजारी बसलेल्या आईने माझ्या बाहीला धरले. तिला वाटले, झाले, आता डॉक्टर सांगतीलच.

मग आरोपीचे वकील उठले. वयस्क, सौम्य, चष्मा पुसत बोलणारे गृहस्थ. त्यांनी डॉक्टरांना एकदाही दरडावले नाही. “डॉक्टरसाहेब, विहिरीला दगडी बांधकाम आहे. पडताना दगड लागून असा मार बसू शकतो?” “शकतो.” “मयताला पोहता येत होते असे सांगतात. पोहता येणारा माणूस बुडू शकतो?” “शकतो. डोक्याला मार लागून गुंगी आली, साडी पायांत गुंतली, बाहेर पडायला जागा मिळाली नाही, तर पोहणाराही बुडतो.” आईचा हात बाहीवर सैल झाला. “मग ती पडली, तिने उडी मारली की तिला ढकलले, हे आपण शवविच्छेदनावरून सांगू शकता?”

डॉक्टर थोडा वेळ थांबले. त्यांना ते कठीण गेले असावे, कारण त्यांनी आईकडे एकदा पाहिले. मग म्हणाले, “नाही. ते मी सांगू शकत नाही.”

सरकारी वकिलांनी फेरतपासणीत एकच प्रश्न विचारला : हाच मार काठीच्या किंवा दगडाच्या फटक्यानेही होऊ शकतो काय? डॉक्टर म्हणाले, “तेही शक्य आहे.” साक्ष संपली. तास-सव्वा तास लागला असेल. बाहेर कँटीनमध्ये आईने चहा घेतला नाही. “एवढा शिकलेला मानूस,” ती म्हणाली, “दोन्हीकडून हो म्हनतो. मग त्याला बोलावलं कशाला?”

तिला मी तेव्हा काय सांगणार? पण हा प्रश्न पुढे माझ्यामागे लागला. डॉक्टरांनी एक शब्द पुढे जाऊन बोलावे असे मलाही तिथे बसल्या बसल्या वाटत होते. त्या मुलीचे अक्षर माझ्या डोळ्यांपुढे होते. परंतु जो डॉक्टर आज आपल्या बाजूने एक शब्द जास्त बोलेल, तो उद्या दुसऱ्या कोर्टात दुसऱ्याच्या बाजूनेही बोलेल. आणि कोणाची तरी निरपराध लेक-सून त्या एका शब्दाने तुरुंगात जाईल. १८७२ चा पुरावा कायदा, आणि त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेला नवा कायदाही, तज्ज्ञाला मत द्यायला बोलावतो. निर्णय द्यायचा तो न्यायाधीशाने, आणि तो सगळ्या गोष्टी एकत्र ठेवून. आपल्याकडे जुन्या लोकांना लागू खटला आठवत असेल. १९५६ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे यांना डॉ. अनंत लागू रात्रीच्या गाडीने मुंबईला घेऊन आले, आणि त्या सकाळी गोकुळदास तेजपाल हॉस्पिटलात वारल्या. शरीरात विष सापडले नाही. तरी लागूंचे आधीचे आणि नंतरचे वागणे, खोटी पत्रे, पैशांचे व्यवहार यांची साखळी इतकी घट्ट होती की सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५९ मध्ये फाशी कायम केली. म्हणजे डॉक्टर गप्प राहिले तर बाकीचे जग बोलू शकते. फक्त त्या जगाला वेळेवर विचारणारा कोणी हवा. विहिरीचा काठ पहिल्याच दिवशी नीट पाहिला होता काय? हंडा कुठे होता? शेवाळावर घसरल्याची रेघ होती काय? हे डॉक्टरांना विचारायचे प्रश्न नव्हेत. ते पंचांना आणि पोलिसांना विचारायचे, आणि सह्या करण्याआधी स्वतःला विचारायचे प्रश्न आहेत.

आमच्या खटल्याचा निकाल त्याच वर्षी लागला. छळाच्या कलमाखाली शिक्षा झाली. खुनाच्या आरोपातून संशयाचा फायदा देऊन दोघांना सोडले. पुढच्या वर्षी, १७ जुलै २०१९ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोव्यातील खंडपीठाने हणजुणेच्या प्रकरणात एका आरोपीची सुटका रद्द केली, त्याला सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरले आणि दोन दिवसांनी दहा वर्षांची सक्तमजुरी दिली. दुसऱ्याची सुटका कायम राहिली. कागद तेच आणि डॉक्टरांच्या साक्षी त्याच, पण वाचणारे डोळे वेगळे. अकरा वर्षे ती आई समुद्रापलीकडून येत-जात राहिली नसती, तर ते कागद दुसऱ्यांदा कोणी वाचलेही नसते. मी ते कात्रण वहीत चिकटवले आणि वही बंद केली. कादंबरी मी लिहिलीच नाही.

त्या वर्षी वसुबारसेच्या दिवशी मुलीची आई निकालाची नक्कल घेऊन आमच्याकडे आली. कोणी तरी तिला सांगितले होते की डॉक्टर काय बोलले ते त्यात सगळे लिहिलेले असते. निकाल इंग्रजीत होता. “मला तेवढंच वाचून दाखवा,” ती म्हणाली. मी शब्दकोश घेऊन बसलो आणि जमेल तसे मराठी करीत गेलो. मुठीत मुळासकट उपटलेली पाणवनस्पती, असे वाचले तेव्हा तिने मला थांबवले.

“म्हंजी तिनं काय तरी धरलं व्हतं?”

“हो, वहिनी.”

“वर यायचं बघत व्हती.”

मी पुस्तके वाचलेली होती. अखेरची धडपड शरीर आपणहून करते, जीव द्यायला गेलेल्या माणसाची मूठही आवळते, आणि मुठीवरून मनातले काही सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक होते. डॉक्टर असते तर त्यांनी तेच सांगितले असते, आणि त्यांनी ते सांगायलाच हवे होते. पण हे कोर्ट नव्हते, माझी ओटी होती. आणि तिने मला विचारले नव्हते, सांगितले होते. मी म्हणालो, “शेवटपर्यंत जिवंत होती, वहिनी. एवढं त्यांनी शपथेवर लिहून दिलंय.”

तिने कागदाची घडी केली, पदराच्या गाठीत नीट बांधली. गावात आता कोणी जीव दिला म्हणाले तर हा कागद दाखवीन, असे म्हणाली. मग आमच्या घरातल्यांनी तिला फराळाचे ताट दिले. चिवडा तिने तसाच ठेवला, पण दोन करंज्या धाकट्या नातवासाठी मागून घेतल्या. जाता जाता दारात थांबून म्हणाली, “गुरुजी, हा पोरगा पुढल्या साली तुमच्या शाळेत येईल. आनि त्याची थोरली भन पन. तिला मी आतापास्नं डोहावर नेते. पवायला आलंच पायजे. उरलेलं लोकांनी बघावं.”